पाय टेकू नयेत म्हणून

ठक… ठक. ठक… ठक.

दोन लहान टाचा माझ्या पुढच्या फळीवर आपटत होत्या. आधी डावी, मग उजवी. इतक्या वर्षांत मी पुष्कळ गोष्टी विसरलो, पण तो आवाज माझ्या लाकडात मुरून बसला आहे. मी कशासाठी जन्माला आलो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी बाक. साधा लाकडी बाक. पाठ टेकायला तीन पट्ट्या, हात ठेवायला दोन दांडे, चार पाय. मी शिकलेला नाही. माझ्यावर बसून लोकांनी जे मोठ्याने वाचलं, तेवढंच माझं शिक्षण. बोलतोही सावकाश, कारण लाकडाला घाई जमत नाही. तुम्हाला सवड असेल तर जवळ या, ऐका. माझ्यावर मात्र बसू नका. का, ते सांगतो.

चित्रपट मुके होते तेव्हाची गोष्ट. पडद्यावर माणसं ओठ हलवायची आणि ती काय बोलली, ते मागून पाटीवर लिहून यायचं. तसले चित्रपट काढणाऱ्या एका कंपनीच्या सुतारखान्यात माझा जन्म झाला. सामानाच्या खोक्यांच्या फळ्या आणि एका मोडक्या दाराचं लाकूड, हे माझे आईबाप. सुतार उंच, वाकलेला, कानामागे पेन्सिल खोचलेला माणूस होता. दोन दिवसांत त्याने मला उभा केला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाक आहे, सिंहासन नाही. तीन मिनिटांचं काम आहे तुझं. मग जळणात."

मला वाईट वाटलं नाही. जळणात जायचं हे लाकडाला जन्मतःच ठाऊक असतं.

मला काचेच्या छपराच्या मोठ्या दालनात नेऊन ठेवलं. छपरातून ऊन यायचं आणि ते मऊ व्हावं म्हणून खाली पांढरी कापडं ताणलेली असायची. समोर लाकूड आणि पुठ्ठ्याचं कारखान्याचं फाटक उभं केलं होतं. गोष्ट अशी, की एक लहान मुलगी फाटकाबाहेरच्या बाकावर बापाची वाट बघत बसते. पाळी सुटते, सगळे कामगार बाहेर येतात, बाप येत नाही.

ज्या मुलीला ते काम करायचं होतं, तिला त्या दिवशी ताप भरला. दिग्दर्शक हात चोळत फिरत होता. तेवढ्यात त्याचं लक्ष कपडेविभागाच्या दाराकडे गेलं. तिथे एक शिवणकाम करणारी बाई फ्रॉकला गुंड्या लावत बसली होती आणि तिच्या पायाशी पाच वर्षांची पोर चिंध्यांशी खेळत होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून बाई तिला रोज कामावर आणायची.

"ही कोणाची?"

"माझी, साहेब. ती त्रास नाही देत. बोलतच नाही फारसं."

"मग आपल्या कामाचीच आहे," दिग्दर्शक म्हणाला आणि सगळे हसले.

त्याने तिला उचलून माझ्यावर बसवलं. किती हलकी होती! ओला रुमाल वाळत घातला तर त्याचं ओझं जास्त असेल. तिचे पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर लोंबत होते. बसल्या बसल्या तिने टाचा माझ्या फळीवर आपटायला सुरुवात केली. ठक… ठक.

"तेच कर," दिग्दर्शक ओरडला. कॅमेरावाल्याने हँडल फिरवायला घेतलं. तेव्हा चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक खुशाल बोलायचा. आवाज कुठे उमटणारच नव्हता. "पाय हलव. हं, आता थांबव. आता फाटकाकडे बघ. तुझे बाबा यायचेत तिथून."

तिने पाहिलं. तिचे बाबा खरोखरच एक दिवस घरातून गेले होते आणि कुठे गेले हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे तिने जे पाहिलं ते अगदी मनापासून पाहिलं. कॅमेरावाल्याने नाक ओढलं, पण हात थांबवला नाही. दिग्दर्शकाने 'बस' म्हटल्याशिवाय हँडल थांबवायचं नाही, असा त्या धंद्याचा नियम होता.

चित्रपट लागला आणि गावोगावची माणसं त्या लोंबणाऱ्या पायांसाठी रडली. तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. जाहिरातीवर कंपनीने छापलं, 'पिटुकली'. तेच पुढे जन्मभर तिला चिकटलं. आणि मी जळणात जायचा वाचलो. कारण लोकांनी कंपनीला पत्रं लिहिली की पिटुकली पुन्हा त्या बाकावर बसलेली पाहिजे.

मग प्रत्येक चित्रपटात मी आलो. कधी ती अनाथ असायची, कधी हरवलेली, कधी राजाची मुलगी. पण कुठे तरी एक बाक यायचा, तिला वर उचलून बसवायचे, पाय लोंबायचे, आणि थिएटरात रुमाल निघायचे. मला झाकायला एक जाड कापड मिळालं आणि माझ्या खोलीला कुलूप. मला थोडा ताठा आला होता, खोटं कशाला बोलू!

तिची आई आता शिवणकाम करत नव्हती, पोरीबरोबर असायची. कामाच्या दिवशी सकाळी ती पिटुकलीला माझ्यावर बसवायची आणि तिची टाच नि जमीन यांच्यामध्ये आपला तळहात आडवा घालून बघायची. हात सहज गेला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

पिटुकली सात वर्षांची झाली आणि एका सकाळी आईच्या हाताला टाच लागली.

आईने सुताराला बोलावणं पाठवलं. सुताराने पट्टी लावली, पेन्सिलने खूण केली.

"किती?"

"दोन बोटं," सुतार म्हणाला. "पोर वाढतेय, बाई. आनंदाची गोष्ट आहे."

"तो आनंद तुमच्या घरी करा. इथे नको."

"अहो, पोरं वाढायचीच. तुम्ही काय तिला लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवणार?"

आई हसली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "मोठ्या मुली गल्लोगल्ली पडल्यात, काका. लहान एकच आहे."

सुताराने मान हलवली. माझ्या चारही पायांखाली त्याने दोन-दोन बोटं उंचीचे ठोकळे खुंट्यांनी बसवले, सरस लावला, वरून रंग दिला. सांधा कुठे आहे, ते शोधून सापडलं नसतं. पिटुकली बाजूला उभी राहून बघत होती.

"काका, मला पण लावा ना ठोकळे. मी तुमच्याएवढी होईन."

"तुला लावले तर मला कामावरून काढतील गं बाळा."

त्या दिवसापासून मी वाढायला लागलो, ती वाढू नये म्हणून.

नुसता मीच नाही. दारं मोठी झाली, कप मोठे झाले, तिच्या हातातली बाहुली मोठी झाली. तिच्याबरोबर काम करायला शोधून शोधून उंच माणसं आणली. तिचे फ्रॉक आई मुद्दाम ढगळ शिवायची. तिचा सहावा वाढदिवस चार वर्षं झाला. केकवर सहाच मेणबत्त्या, आणि वर्तमानपत्रवाले हजर. चौथ्या वेळी ती आईला म्हणाली, "आई, मला मोजता येतं आता." आईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुधाने हाडं वाढतात असं कोणीतरी सांगितलं, तर दूध बंद झालं. माणूस झोपेत वाढतं असं आणखी कोणी सांगितलं, तर तिला तिच्या बाळपणीच्याच खाटेवर झोपवायला लागले. पाय पोटाशी घेतल्याशिवाय त्या खाटेवर मावता येत नसे. हे मला तीच सांगायची. चित्रीकरणात मधली सुट्टी झाली की सगळे जेवायला जायचे आणि ती माझ्यावर आडवी व्हायची, पूर्ण लांब, हात डोक्यावर ताणून. "बाक, तू छान लांब आहेस," असं माझ्या दांड्याशी तोंड नेऊन कुजबुजायची. कोणाची चाहूल लागली की झटकन उठून लहान होऊन बसायची. तिच्या पाठीची हाडं मला मोजता येत होती.

नऊ वर्षांची असताना दुसरे ठोकळे लागले. अकराची असताना तिसरे. तेराव्या वर्षी चौथे लावायची वेळ आली तेव्हा सुताराने हातातली करवत खाली ठेवली.

"साहेब, आता नाही. ह्याचे पाय काटकीसारखे झालेत. ठोकळ्याखाली ठोकळा, आणि सगळा भार खुंट्यांवर. मी नवा बाक करून देतो. पाय बाहेर फाकवतो, बूड रुंद घेतो. हत्ती बसला तरी हलणार नाही."

दिग्दर्शक म्हणाला, "लोक ह्या बाकाला ओळखतात. ह्या दांड्यावरचा ओरखडासुद्धा ओळखतात. नवा बाक म्हणजे नवी मुलगी आणल्यासारखं आहे."

"मग आणा नवी मुलगी. ही दमलीय."

हे बोलला मात्र, पिटुकलीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. पिटुकली तिथेच होती. तिने आईकडे पाहिलं, मग सुताराकडे. "लावा ना, काका," ती म्हणाली. "मी जपून बसेन."

सुताराने ठोकळे लावले. लावताना त्याचा हात नेहमीसारखा चालत नव्हता. मागचा डावा पाय त्याने दोनदा काढून पुन्हा बसवला. तरीही त्या सांध्यात एक बारीकशी हालचाल राहिली. दुसऱ्या कोणाला कळली नसती. मला कळली, कारण पाय माझाच होता.

मला तोंड असतं, तर मी त्याच दिवशी बोललो असतो.

त्या चित्रपटाची गोष्ट पहिल्यासारखीच होती. कारखान्याचं फाटक, वाट बघणारी मुलगी. छपरातून ऊन येत होतं. आई फाटकाच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी उभी होती. पिटुकलीला दोन माणसांनी उचलून माझ्यावर ठेवलं. आता ती रुमालासारखी हलकी नव्हती. पोटाला चिमटा काढूनही देह आपलं काम करतोच.

"पाय हलव," दिग्दर्शक म्हणाला. ती हळूच हलवायला लागली. तिच्या प्रत्येक झोक्याबरोबर माझी मागची खुंटी थोडी थोडी बाहेर सरकत होती.

"हे काय म्हातारीसारखं? लहान पोरं जोरात हलवतात. जोरात!"

तिने जोर लावला. खुंटी सुटली.

मी आधी मागे कललो, ती सावरायला पुढे झुकली आणि त्या झोक्याने मी पुढे उलटलो. ती आधी पडली आणि तिच्यावर मी. माझा उजवा दांडा तिच्या कमरेच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्यानंतरची तिची किंकाळी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो पडद्यावर असाच दिसतो. तिचं तोंड उघडलेलं आहे आणि आवाज नाही.

कॅमेरावाला हँडल फिरवतच राहिला. त्याचे डोळे दिग्दर्शकाकडे होते आणि दिग्दर्शक 'बस' म्हणत नव्हता. त्याने एक हात वर धरला होता, सगळ्यांनी जागच्या जागी थांबावं म्हणून.

पिटुकली माझ्याखालून निघाली आणि कोपरांवर सरपटत पुढे गेली. हात पुढे टाकायचा, अंग ओढायचं. पुन्हा हात. फाटकाच्या मागे तिची आई होती, म्हणून ती फाटकाकडे गेली. आई दिग्दर्शकाच्या वर धरलेल्या हाताकडे बघत उभी होती. पोर फाटकापर्यंत पोचली, गजांमधून हात घातला आणि तिची शुद्ध हरपली.

"बस," दिग्दर्शक म्हणाला.

तुम्ही तो चित्रपट पाहिला असता तर काय दिसलं असतं, सांगतो. बाप येत नाही म्हणून एक चिमुरडी बाकावरून स्वतःला खाली झोकून देते आणि फाटकापर्यंत सरपटत जाते. लोक खुर्च्यांवरून उठून रडले. एका वर्तमानपत्राने लिहिलं की इतक्या लहान वयात असा अभिनय जगात कोणी केलेला नाही. सुतारखान्यात कोणीतरी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला ठाऊक.

ती तेव्हा प्लास्टरमध्ये होती. तीन महिने सरळ, लांब, पाय ताणून झोपलेली. दवाखान्यात तिला दूध मिळालं. उठली तेव्हा ती चार बोटं उंच झाली होती आणि तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला होता.

वर्तमानपत्रवाले कंपनीत आले. फोटोसाठी मला दुरुस्त करून मध्ये ठेवलं होतं. दुरुस्ती म्हणजे काय, तर खुंटी ठोकून आत घातली आणि वरून रंग. ते काम सुताराने केलं नव्हतं. सुतार एका कोपऱ्यात उभा होता, हातात टोपी धरून.

"बाक मोडला का हो तेव्हा?" एका वर्तमानपत्रवाल्याने विचारलं. "बाक पण पडलेला दिसतो."

कोणी बोलायच्या आत सुतार पुढे आला. "मोडला. माझ्या हातचं काम होतं. खुंटी सुटली. पोरीने उडीबिडी काही मारली नाही. ती पडली, आणि दुखत होतं म्हणून आईकडे गेली."

आईने पिटुकलीचा खांदा घट्ट धरला. दिग्दर्शक हसत म्हणाला, "आता तिलाच विचारा ना!"

सुतार तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. "सांग बाळ. घाबरू नकोस. तू सांगितलंस तर पुन्हा कोणाला अशा बाकावर बसवणार नाहीत."

मी तिचा चेहरा जवळून पाहत होतो. तिला आईची भीती वाटत होती, हे खरं. पण नुसती भीती नव्हती. पाय हलव, बघ, रड, लहान हो, हे सगळं आजवर दुसऱ्यांनी तिला सांगितलं होतं. आणि इथे एक गोष्ट होती, जी तिची स्वतःची ठरू शकत होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"मी मुद्दाम पडले, काका," ती म्हणाली. "बाकाला मीच पायाने ढकललं. अभिनय होता तो."

सुतार गुडघ्यावर हात ठेवून उठला. "मोठी झालीस हो आज," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून दिग्दर्शक खूश झाला.

लहान मुलीचं काम आता तिला मिळणं शक्य नव्हतं. तेवढ्यात चित्रपट बोलायला लागले. बोलणाऱ्याची मातीही विकते म्हणतात, पण तिचं तेही नशीब नव्हतं. चाचणीसाठी तिला उभं केलं तेव्हा तिचा आवाज जाड, घोगरा निघाला. आवाजवाला कानाला लावलेलं यंत्र काढून म्हणाला, "ही पिटुकली? मला वाटलं, तिचा काका आला."

उरला तो एक प्रसंग. तेवढाच लोकांच्या लक्षात राहिला. जुना चित्रपट गावोगाव पुन्हा लागायचा आणि पडदा उघडण्याआधी ती रंगमंचावर यायची. मी तिच्याबरोबर ट्रकमधून जायचो. ती माझ्याशेजारी उभी राहायची, बसायची कधीच नाही. पहिल्यांदा ती एवढंच सांगायची की मुद्दाम पडले. मग सांगायला लागली की आदल्या आठवड्यात गादीवर पडायचा सराव केला होता. मग सांगायला लागली की सरपटण्याची कल्पनाही तिचीच. दर गावाला तिच्या गोष्टीला एक एक ठोकळा लागत गेला. लोक टाळ्या वाजवायचे. ती लंगडत आत जायची तेव्हा हमखास कोणीतरी म्हणायचं, "काय बाई आहे बघा, अजून भूमिकेतून बाहेर आलेली नाही!"

पुढे तेही थांबलं. कंपनीने तिला कपडेविभागात जागा दिली. आई जिथे बसून गुंड्या लावायची, त्याच खिडकीशी ती बसू लागली. मला मागच्या गोदामात टाकलं, मोडक्या सिंहासनांच्या आणि पुठ्ठ्याच्या झाडांच्या मध्ये. वाळवी कधी आली ते कळलं नाही. ती आवाज न करता खाते.

एकदा दुपारी पिटुकलीची आई त्या गोदामात आली. फार म्हातारी झाली होती, भिंतीला हात लावत चालत होती. पिटुकली तिच्या मागून आली, रागाने.

"आई, इथे कशाला आलीस? धूळ किती आहे!"

आईने माझ्यावरचं कापड बाजूला केलं. "मला त्या दिवशीचं बोलायचंय."

"कोणत्या दिवशीचं?"

"तुला ठाऊक आहे. मी फाटकामागे होते. तू ओरडलीस ते मी ऐकलं. साहेबांनी हात वर धरला होता म्हणून मी थांबले. तू माझ्याकडे येत होतीस आणि मी थांबले गं. इतकी वर्षं…"

"आई, अभिनय होता तो."

"माझ्याशी तरी नको ना. मला एकदा क्षमा मागू दे."

"क्षमा कसली? मी पडले मुद्दाम, तू थांबलीस ते बरं केलंस. धावत आली असतीस तर सगळा प्रसंग वाया गेला असता." तिने कापड उचलून पुन्हा माझ्यावर टाकलं. "चल, गुडघे दुखतील तुझे."

कापडाखालून मला काही दिसलं नाही. म्हातारीचं रडणं तेवढं ऐकू आलं, दार लागेपर्यंत. त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली, असं सामान ठेवायला आलेल्या हमालांच्या बोलण्यावरून कळलं.

किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही. गोदामात वर्षं मोजायला काही नसतं.

परवा माझ्यावरचं कापड निघालं. समोर एक तरुण बाई होती, केस कापलेले, डोळे पाण्याने भरलेले. ती दिग्दर्शिका. पिटुकलीच्या आयुष्यावर चित्रपट काढते आहे. माझ्या दांड्यावरच्या ओरखड्यावरून तिने हळूच बोट फिरवलं आणि सोबतच्यांना म्हणाली, "नकली नको. हाच बाक पाहिजे. लहानपणी मी तो प्रसंग पाहिला, म्हणून ह्या धंद्यात आले." माणूस चांगलं आहे हे हातावरून कळतं. तिचा हात चांगला होता.

त्यांनी मला पुसलं, वाळवीच्या भोकांत पुट्टी भरली, दोन हात रंग दिला. माझे चार पाय चार तुकड्यांचे नाहीत, वीस तुकड्यांचे आहेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. जुन्या सुताराने सांधे असे लपवले होते की त्याच्या कसबाचाच आता मला धाक वाटतो. वरून मी नवरदेवासारखा दिसतो. आत पोकळ आहे. मागच्या डाव्या पायाची खुंटी बोटाने ढकलली तरी निघेल.

आज सकाळी पुन्हा कारखान्याचं फाटक उभं राहिलं. सहा वर्षांची एक मुलगी आली, समोरचे दोन दात पडलेली, बडबडी. खाली पातळ गालिचा पसरलेला आहे. ती बाकावरून उडी मारणार आणि बाक जागचा हलणार नाही, असं ठरलं आहे. पिटुकलीबाईंनी तसंच केलं होतं ना, मग तसंच. बाक पाडायचा तेवढा नंतर वेगळा पाडून घेतील.

आणि मुलीला दोन शब्द सांगायला त्यांनी पिटुकलीला बोलावलं. ती आली. केस सगळे पांढरे, हातात काठी. सगळे उठून उभे राहिले. टाळ्या झाल्या. दिग्दर्शिकेने वाकून तिचा हात हातात घेतला.

"बाई, हिला सांगा ना. पडायच्या आधी तुमच्या मनात काय होतं?"

मुलगी माझ्यावर बसून पाय हलवत होती. माझा मागचा पाय हलत होता.

"आजी," मुलीने विचारलं, "तुम्हाला लागलं होतं का?"

पिटुकली माझ्याजवळ आली. काठी तिने दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात माझ्या मागच्या डाव्या पायाशी नेला. रंगावरून तिची बोटं खाली घसरत गेली आणि बरोब्बर त्या सांध्यावर थांबली. त्या क्षणी मुलीने पाय झोकला. सांधा तिच्या बोटांखाली सरकला. तो तिला कळला. मला शंका नाही, तिला कळला.

तिने वर मुलीकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले. एकच वाक्य पुरलं असतं. बाक मोडका आहे, तेव्हाही मोडकाच होता. पण ते वाक्य बोललं की तिने आयुष्यात केलेली एकुलती एक गोष्ट तिची राहत नव्हती. ती दिग्दर्शिका, त्या टाळ्या, गावोगावची ती रात्रंदिवस सांगितलेली गोष्ट, म्हाताऱ्या आईला नाकारलेली ती क्षमा, सगळं त्या एका वाक्याखाली येत होतं.

"बाई?" दिग्दर्शिका म्हणाली.

तुम्ही, जे ऐकताय ते, तुमच्याकडे मी हात जोडले असते. मला हात नाहीत, नुसते दांडे आहेत. तुम्हाला तोंड आहे. पोरीला खाली घ्या. बाकी कोणाचं काही का होईना, तिला आधी खाली घ्या. मला फोडा, जाळा, जळणातच जायचं होतं मला.

दिग्दर्शिकेने कॅमेऱ्याजवळच्या माणसाला मान हलवून तयार राहायला सांगितलं. मुलगी दात नसलेल्या तोंडाने पिटुकलीकडे बघून हसली, उत्तराची वाट बघत.

पिटुकलीने ओठ मिटले. माझ्या पायावरचा हात काढून घेतला, सांध्यातून बोटांना लागलेला ओला रंग रुमालाला पुसला, काठी उजव्या हातात घेतली, आणि कोणाकडेही न बघता दाराकडे चालायला लागली.